उत्तर नको, कारण सांग

‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा दहावीच्या विज्ञानाच्या पेपरातला जुना, मुरलेला प्रश्न आहे. अभ्यासक्रम अनेकदा बदलले. आज भाग १ आणि भाग २ असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन लेखी पेपर असतात आणि उरलेले वीस गुण प्रात्यक्षिकाला जातात. पण कारण विचारायची रीत काही बदलली नाही. गंमत अशी की, ज्या प्रश्नात कारणच विचारलेले असते त्याचे उत्तर मुले एकमेकांना कारणाशिवाय देतात. पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री कुणीतरी मोबाइलवर गाईडच्या पानाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘हे पाठ कर, येणारच.’ पाहणाऱ्याला वाटते, मुले एकमेकांना किती मदत करतात! पण हा झाला नुसता उत्तरांचा पुरवठा. शेजारच्या घरात दोन मुली एकाच गणितावरून तासभर हुज्जत घालत बसल्या असतील, तर त्यांना मात्र ‘वेळ वाया घालवू नका’ असे ऐकावे लागते. गेल्या चार-पाच दशकांत या विषयावर जे संशोधन झाले, त्याचा कौल त्या हुज्जतीच्या बाजूने आहे. मुलांनी एकमेकांना विज्ञानाचे प्रश्न समजावून सांगणे, हा परीक्षेच्या अभ्यासाचा सर्वांत कमी वापरलेला आणि सर्वांत स्वस्त मार्ग आहे; अट एवढीच की, देवघेव उत्तरांची नसावी, कारणांची असावी.

ही देवघेव नेमकी कशी चालते ते एका प्रश्नावरून पाहू. ‘गुरुत्वाकर्षण’ या पहिल्याच धड्यातला प्रश्न घ्या: चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वोच्च बिंदूवर त्याचे त्वरण किती? बहुतेक मुले पटकन ‘शून्य’ म्हणतात. समजा, एक मुलगा तसे म्हणाला आणि वर म्हणाला, “थांबतो ना तो तिथे!” शेजारची मुलगी म्हणते, “थांबतो म्हणजे वेग शून्य. मी त्वरण विचारतेय.” तो म्हणतो, “थांबलेल्या चेंडूला कसलं आलंय त्वरण?” आता ती अडते. त्वरण ९.८ हे तिला पाठ आहे, पण समोरचा ‘कसलं’ विचारतो आहे. थोडा वेळ जातो आणि तिला सुचते, “मग तो खाली का येतो? त्वरण शून्य असेल तर वेग बदलायलाच नको. शून्य आहे तो शून्यच राहणार. चेंडू वरच लटकून बसेल की!” मग दोघे आकडे मांडतात. सेकंदाला २० मीटर वेगाने फेकला आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरले, तर एका सेकंदाने वेग १०, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी उणे १०. दर सेकंदाला वेग दहानेच घटतो आहे आणि दुसऱ्या सेकंदाशी ही घट कुठेही थबकत नाही. मुलाची चूक सुटली, हे तर झालेच. पण मुलीला जे सूत्र म्हणून येत होते ते आता तिला समजले, आणि तेही समोरच्याने चुकीचा पण प्रामाणिक प्रश्न विचारला म्हणून. वहीतले उत्तर तिने नुसते पाठवून दिले असते, तर दोघांचेही नुकसान झाले असते आणि ते दोघांच्याही लक्षात आले नसते.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांना हीच गोष्ट मोठ्या वर्गात दिसली. त्यांचे विद्यार्थी अवघड आकडेमोडीची उदाहरणे सोडवत, पण त्याच संकल्पनेवरचा साधा, आकडे नसलेला प्रश्न आला की गडबडत. मॅझूर यांनी तो प्रश्न फळ्यावर समजावला, पुन्हा दुसऱ्या तऱ्हेने समजावला, तरी वर्गाच्या चेहऱ्यावर गोंधळ तसाच. अखेर त्यांनी मुलांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितले आणि काही मिनिटांत वर्गाने गुंता सोडवला. १९९१ पासून त्यांनी याची रीतसर पद्धतच केली. आधी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि शेवटी पुन्हा उत्तर द्यायचे. यातली पहिली पायरी अनेक शिक्षक गाळतात आणि मग पद्धतीला दोष देतात. आधी स्वतःचे मत ठरलेले नसेल, तर चर्चेत बोलके मूल बोलते आणि बाकीचे माना डोलावतात. मॅझूर आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन क्राउच यांनी २००१ मध्ये दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातून आणखी एक बारकावा कळतो. प्रश्न फार सोपा असेल तर बोलायला काही उरत नाही आणि वर्गात जवळजवळ कुणालाच येत नसेल तर चर्चेला धरायला दोरी मिळत नाही. साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश मुलांना जमणाऱ्या प्रश्नावर चर्चा सर्वांत चांगली रंगते.

इथे पहिली शंका येते आणि ती रास्त आहे. चर्चेनंतर बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढते ते समजल्यामुळे, की वर्गातल्या हुशार मुलाचे ऐकून बाकीच्यांनी हात बदलला म्हणून? आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तसे तर होत नाही ना? ही शंका तपासण्याचा एक देखणा प्रयोग कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आनुवंशिकीच्या वर्गात झाला आणि तो मिशेल स्मिथ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. त्यांनी प्रश्नांच्या जोड्या तयार केल्या. वरून वेगळे दिसणारे, पण एकाच तत्त्वावर उभे असलेले दोन प्रश्न. पहिला प्रश्न मुलांनी एकट्याने सोडवला, मग चर्चा करून पुन्हा सोडवला. आणि मग बरोबर उत्तर न सांगताच दुसरा प्रश्न दिला, तो पुन्हा एकट्याने सोडवायचा. नुसती नक्कल झाली असती, तर दुसऱ्या प्रश्नावर मुले उघडी पडली असती. प्रत्यक्षात पहिल्या प्रश्नाला सरासरी ५२ टक्के, चर्चेनंतर ६८ टक्के आणि एकट्याने सोडवलेल्या दुसऱ्या प्रश्नाला ७३ टक्के उत्तरे बरोबर आली. आधी चुकलेल्या आणि चर्चेनंतर उत्तर सुधारलेल्या मुलांपैकी ७७ टक्के मुलांना दुसरा प्रश्न स्वतःच्या बळावर आला. संशोधकांनी आकडेवारीवरून आणखी एक निष्कर्ष काढला, तो थक्क करणारा आहे: ज्या गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हते, अशा गटांतली मुलेही चर्चेतून पुढे सरकली. दोघांची चुकीची उत्तरे वेगळ्या कारणांनी चुकलेली असतात. ती कारणे समोरासमोर आली की त्यातले कच्चे कारण टिकत नाही.

म्हणून मुलांनी शिक्षकांना रजा द्यावी, असा अर्थ कुणी काढू नये. याच गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढच्या अभ्यासात नुसती चर्चा, नुसते शिक्षकांचे स्पष्टीकरण आणि दोन्ही एकामागून एक, यांची तुलना केली. त्यात चर्चेनंतर शिक्षकांनी समजावून सांगणे हेच सर्वांत फायद्याचे ठरले. आधी झटापट झालेली असली की स्पष्टीकरणातला कुठला शब्द आपल्या अडचणीवर पडतो आहे, हे मुलाला कळते. शिवाय हे सगळे प्रयोग महाविद्यालयीन वयाच्या मुलांवरचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना एवढी शिस्त जमेल का, हा प्रश्न उरतोच. त्याला मध्य प्रदेशाकडे बघून उत्तर देता येते. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले चार-चार जणांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करत, आपसात निष्कर्षांवर वाद घालत आणि मग वर्गापुढे मांडत. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी होती, कारण प्रश्नच असे असत की पानावरून उत्तर उतरवता येऊ नये. साध्या सरकारी शाळांतली, खेड्यातली ही मुले होती. राज्य सरकारने २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला, तोवर तो तीस वर्षे चालला. बारा वर्षांच्या मुलांना गटात विचार करता येत नाही, असे त्यानंतर तरी कुणी म्हणू नये.

पालकांचा खरा आक्षेप मात्र वेगळाच असतो आणि तो सहसा मोठ्याने बोलला जात नाही: आमच्या हुशार मुलाने दुसऱ्यांना शिकवण्यात वेळ का घालवावा? या आक्षेपाला परोपकाराची भाषा करून उत्तर द्यायचे कारण नाही. स्वार्थाच्या भाषेतही उत्तर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नोरीन वेब यांनी शालेय मुलांच्या लहान गटांतली बोलणी वर्षानुवर्षे टिपून घेतली आणि कोण काय बोलले याचा त्यांच्या पुढच्या गुणांशी संबंध पाहिला. जी मुले दुसऱ्याला सविस्तर समजावून सांगत, ती स्वतः अधिक शिकत. ज्यांना प्रश्न विचारल्यावर नुसते उत्तर मिळे, त्यांची कामगिरी मात्र खालावलेली दिसे. म्हणजे नुसते उत्तर पुरवणे घेणाऱ्याला निरुपयोगी असते एवढेच नाही, अपायाशीही त्याचे नाते दिसते. गाईडच्या पानाचा फोटो पाठवणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे. वेब यांच्या कामातला आणखी एक मुद्दा दुर्लक्षिला जातो: समजावून घेणाऱ्याने ते लगेच स्वतः वापरून पाहिले नाही, तर चांगले स्पष्टीकरणही वाहून जाते. ‘कळलं’ म्हणणाऱ्या मित्राला दुसरे उदाहरण सोडवायला लावावे, ते एवढ्यासाठी.

शिकवणारा आपोआप शिकतो, हे मात्र खरे नाही. रॉड रॉस्को आणि मिशेलिन ची यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. विद्यार्थी शिक्षकाच्या भूमिकेत गेले की बहुतेक वेळा आपल्याला येते तेच घडाघडा म्हणून दाखवतात, असे त्यांना आढळले. अशा सांगण्यातून सांगणाऱ्याला फारसे मिळत नाही. मिळते ते ऐकणारा मधे अडवतो तेव्हा. वरच्या चेंडूच्या प्रसंगातला ‘कसलं त्वरण’ हा खोचक प्रश्नच त्या मुलीची कमाई होती. त्यामुळे अभ्यासाला सोबती निवडताना फक्त हुशार मुलगा शोधण्यापेक्षा ‘पण का?’ असे विचारायला न लाजणारा सोबती शोधलेला बरा.

बरे, शिक्षक असताना सोबती कशाला? इथे जाणकारांचीच एक मर्यादा आड येते. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक साधा प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि इतरांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती वीस वर्षे फळ्यावर काढणाऱ्या शिक्षकाला, त्यात नवशिक्याला नेमके काय कळत नाही, हे आठवणे अवघड असते. मागच्या आठवड्यात स्वतः तिथेच अडखळलेल्या मुलीला ते आठवते. ‘मुख्य अक्षाला समांतर येणारा किरण अपवर्तनानंतर नाभीतून जातो’ हे वाक्य पाठ असूनही, नाभी आणि वक्रताकेंद्र यांत घोळ कुठे होतो ते ती बोट ठेवून दाखवू शकते.

मुलांनी मुलांना शिकवण्याचा इतिहास मात्र उजळच आहे असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमाच्या शाळेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने, मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवावे अशी व्यवस्था लावली. देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्याला काही कल्पना सुचल्या होत्या. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये याचा वृत्तान्त छापला आणि त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टरनेही तशीच पद्धत काढली. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले, हे गणित सगळ्यांना भलतेच आवडले आणि पद्धत इंग्लंडभर, पुढे जगभर पसरली. काही दशकांत ती मागेही पडली. कारण उघड होते. सकाळी घोकलेला धडा दुपारी दुसऱ्याकडून घोकून घेणे, एवढेच त्या शिकवणाऱ्या मोठ्या मुलांचे काम होते. प्रश्न विचारायला कुणाला जागाच नव्हती. आजचा मोबाइलवरचा अभ्यासगट पुष्कळदा या घोकंपट्टीचीच नवी आवृत्ती असतो. फरक असलाच तर एवढा की, बेलच्या मुलांना धडा निदान तोंडाने म्हणून तरी दाखवावा लागे.

यावर अनुभवी शिक्षक म्हणतील, चर्चा ठीक आहे, पण बोर्डाच्या पेपरात गुण ठरलेल्या मुद्द्यांना मिळतात. संकल्पना कळूनही मुले गुण घालवतात. हे अगदी खरे आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी सोबती सर्वांत उपयोगी पडतो. नेहमीचा प्रश्न घ्या: शीतपेयाची थंड बाटली बाहेर काढून ठेवली की तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमा होतात, कारण लिहा. एकाने लिहिले, ‘बाटली थंड असल्यामुळे थेंब जमतात.’ दुसऱ्याने परीक्षक होऊन लाल पेन घ्यावे आणि विचारावे: पाणी आले कुठून? बाटलीतून झिरपले का? मग पहिला लिहितो, हवेतल्या बाष्पातून. पुन्हा प्रश्न: बाष्प तर सगळीकडे आहे, इथेच का जमले? आता उत्तर आकार घेते. थंड बाटलीच्या सान्निध्यातल्या हवेचे तापमान घटते, ते दवबिंदू तापमानापर्यंत आले की ती हवा तिच्यातल्या बाष्पाने संपृक्त होते, तापमान त्याखाली गेले की जादाच्या बाष्पाचे पाणी होऊन ते पृष्ठभागावर जमते. दवबिंदू, संपृक्त, बाष्प हे गुण मिळवून देणारे शब्द बाहेरून चिकटवावे लागले नाहीत, प्रत्येक शब्द एकेका प्रश्नाचे उत्तर म्हणून आला. अशा रीतीने आलेला शब्द पेपरात ऐनवेळी दगा देत नाही. आणि परीक्षकाने जरा पुढे जाऊन विचारावे: मुंबईत पावसाळ्यात आणि नागपुरात मे महिन्यात बाटलीवर सारखेच थेंब जमतील का? कोरड्या हवेचे दवबिंदू तापमान खाली असते, म्हणून नागपुरातली बाटली कमी ओली होईल, हे ज्याला सांगता आले त्याला मूळ प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी भीती नाही.

म्हणजे एकट्याने बसायचेच नाही का? बसायचे, आणि आधी बसायचे. बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात गणिताचे अध्यापक युरी ट्रायझमन यांना प्रश्न पडला होता की, कलनशास्त्रात चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे, असे का? घरची परिस्थिती, तयारी, जिद्द ही नेहमीची कारणे तपासून पाहता टिकेनात. फरक अभ्यासाच्या सवयीत निघाला. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकटे अभ्यास करत. चिनी विद्यार्थी आधी एकटे बसत, मग एकत्र येऊन एकमेकांची उत्तरे तपासत, चुका काढत, ग्रंथालयातल्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळून सोडवत. आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत हेही त्यांना त्यातून कळे. ट्रायझमन यांनी पुढे अशाच कार्यशाळा सुरू केल्या, त्याही सोप्या उजळणीच्या नव्हे, अवघड उदाहरणांच्या. त्यात आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल ठळकपणे सुधारले.

राहता राहिली स्पर्धा. अकरावीच्या प्रवेशात अर्धा टक्काही महाग पडतो, मग मित्राला वर का चढवा, हा हिशेब मुले करतात आणि त्यांना तो करायला घरातूनही शिकवले जाते. हिशेब कच्चा आहे. बोर्डाने गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली. गुण मुद्द्यांना मिळतात, मित्राचा एक गुण वाढला म्हणून आपला कमी होत नाही. आणि दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले ज्या परीक्षेला बसतात, तिथे बाकावरच्या एका सोबत्याला अंधारात ठेवून कुणाचा क्रमांक बदलणार? कॉपीचा संशयही इथे गैरलागू आहे. परीक्षेच्या दालनात केलेली ‘मदत’ ही उत्तराचीच देवघेव असते, आणि वर्षभर कारणे विचारत आलेल्या मुलाला तिची गरज तशीही कमीच पडते.

शिक्षकांना एक विनंती. सराव पेपर तपासून परत दिला की आदर्श उत्तर लगेच फळ्यावर लिहू नका. ज्या प्रश्नावर वर्ग साधारण निम्मा चुकला आहे तो एक प्रश्न निवडा, पाच मिनिटे मुलांना शेजाऱ्याशी भांडू द्या, आणि मग खडू हातात घ्या.